चाबी कोणाजवळ हाय?

चाफले मॅडमचा विषय निघाला की माझं डोकं फिरतं. त्यांच्यावर नव्हे, बाकी सगळ्या जगावर. मी मराठीचा मास्तर. राग माणसाचा शत्रू आहे, या विषयावर मी पोरांकडून ढीगभर निबंध लिहून घेतले आणि स्वतः मात्र एका कुलपावरचा राग अजून गिळू शकलेलो नाही.

सिंदी रेल्वे या गावातल्या आमच्या शाळेत मॅडम गणित शिकवायच्या. आम्ही दोघंही वर्ध्याला राहायचो आणि रोज पॅसेंजरनं अपडाउन करायचो. अपडाउन करणाऱ्या मास्तरांची एक वेगळीच जात असते. जाताना पत्ते, शाळेत घड्याळ, येताना पुन्हा पत्ते. मॅडम पत्त्यांना हात लावत नसत. त्या खिडकीशी बसून डब्यातल्या ज्वारीच्या भाकरीला ठेचा लावायच्या, अर्धी आम्हाला वाटायच्या आणि वाद घालायच्या. बुटक्या, सावळ्या, आवाज खणखणीत. साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या, कारण एकदा गाडी पकडताना चप्पल तुटली आणि गाडी गेली. त्यानंतर चप्पल कायमची बाद. लोक हसले, त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

नमस्कार-चमत्कार त्यांना ठाऊक नव्हते. कालचा वाद जिथं तुटला, तिथूनच सकाळी सुरुवात. "तं मंग खोडे सर, तुमचं म्हननं काय हाय?" मी रात्री जेवलो, झोपलो, मधे एक अख्खी रात्र गेली, हे त्यांच्या गावीही नसायचं.

त्यांचा एक मंत्र होता, 'करून दाखव'. वर्गात एखादं पोरगं म्हणालं, "समजलं मॅडम," की त्या खडू पुढं करायच्या. "समजलं म्हनू नको. करून दाखव." शाळेतच नव्हे, सगळीकडे हेच. स्टेशनवरच्या चहावाल्यानं चहा आत्ताच केला म्हणून सांगितलं, तर त्यालाही, "मंग माह्यासमोर पुन्हा करून दाखव." मी एकदा गाडीत एका कवितेचं तोंड भरून कौतुक केलं. मॅडम म्हणाल्या, "पाठ हाय का? म्हना बरं." मला दोन ओळींपुढं येईना. पत्ते खेळणारे सगळे हसले आणि मी सिंदी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत बसलो.

कॉम्प्युटर आले ते नव्वदीच्या मधल्या कुठल्याशा वर्षी. जिनिंगचा हंगाम ऐन भरात होता. कापसाच्या गाड्यांच्या रांगेतून वाट काढत एक मेटॅडोर शाळेसमोर थांबला आणि खोकी उतरली. मॅडम तास सोडून बाहेर आल्या. त्यांनी वर्ध्यात कुणाच्या तरी दुकानात बसून, संध्याकाळी फुकट हिशेब करून देण्याच्या बोलीवर, कॉम्प्युटरला कामाला कसं लावायचं ते शिकून घेतलं होतं. त्या दिवशी त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. एवढा आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

पण आमचे हेडसर! कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॉम्प्युटरला धूळ चालत नाही. झालं. फरशी असलेली एकमेव खोली रिकामी झाली. खिडक्यांना पडदे लागले. शिवणकामाच्या तासाला मुलींनी यंत्रांसाठी झालरीची आवरणं शिवली. चपला दाराबाहेर. दाराला पितळी कुलूप, आणि चाबी हेडसरांच्या पँटच्या खिशात. बोलता बोलता ते मधूनच खिसा चाचपायचे.

हेडसर वाईट माणूस नव्हते, हेच तर दुखणं. वाईट असते तर भांडून मोकळं होता आलं असतं. त्यांच्या आधीच्या हेडमास्तरांची पेन्शन एका हरवलेल्या सायक्लोस्टाइल मशीनपायी अडकली होती, आणि ती भीती यांच्या हाडात शिरली होती. सरकारी वस्तू वापरली नाही म्हणून आजवर कुणाला जाब विचारला गेलेला नाही. वापरली आणि बिघडली, की माणूस मेला.

आठवड्यातून एकदा प्रत्येक वर्गाला त्या खोलीत नेत. पोरं सतरंजीवर हाताची घडी घालून बसत. हेडसर एका यंत्रावरचं आवरण उचलून पट्टीनं दाखवत, "हा मॉनिटर. हा कीबोर्ड. हा माउस." पोरं सुरात म्हणत. मग आवरण खाली, कुलूप बंद. मॅडम त्याला 'दर्शन' म्हणायच्या. "आज आठवीचं दर्शन झालं काय हो?" असं हेडसरांसमोरच विचारायच्या.

दसऱ्याला तर कहर झाला. शाळेत शस्त्रपूजेच्या जागी यंत्रांची पूजा. प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, हळदीकुंकू, वर मूठभर अक्षता. दुसऱ्या दिवशी शिपाई सांगत आला की कीबोर्डमधे तांदूळ शिरले आणि फ्लॉपीच्या फटीत कुंकू. पोरांनी बोट लावलं तर बिघडतील म्हणून जपलेली यंत्रं देवपूजेत बिघडली. मॅडमनी केसातली पिन काढली, खाली बसल्या आणि एकेका बटणाखालून तांदूळ काढत राहिल्या. हेडसर शेजारी अपराध्यासारखे उभे.

"सर, पोट्ट्यायच्या बोटाले तांदूळ नसते लागलेले," त्या म्हणाल्या.

"पण मॅडम, पूजा तर करावीच लागते ना."

"करा ना. मी कुठं नाई म्हनतो? पूजा झाल्यावर बैलाले जुपतेत का नाई?"

हेडसरांनी खिसा चाचपला.

आता मॅडमच्या रविवारांबद्दल सांगतो. वर्ध्याहून सेवाग्राम म्हणजे हाकेच्या अंतरावर. तिथं आश्रम पाहायला देशोदेशीची माणसं येतात. आम्ही वर्धेकर त्यांना लहानपणापासून पाहतो, त्यामुळे आमची मानही वळत नाही. मॅडम मात्र दर रविवारी मोपेडवर बसून तिकडं जायच्या. आश्रम पाहायला नव्हे, पाहुणे गाठायला. झाडाखाली एखादा गोरा टकळी घेऊन सूत काढायला धडपडतोय, तेवढ्यात पांढऱ्या बुटांतल्या ह्या बाई समोर येऊन आपल्या तोडक्या इंग्रजीत विचारायच्या, की तुमच्या देशात शाळेतलं पोरगं कॉम्प्युटरवर काय करतं?

बिचाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी व्हायची. एक जर्मन तर कॉम्प्युटरचीच नोकरी सोडून शांती शोधत आला होता. मॅडमनी त्याची शांती अर्ध्या तासात संपवली. तो आधी वैतागला, मग जमिनीवर काडीनं आकृत्या काढून समजावू लागला. एकदा क्यूबाच्या एक बाई भेटल्या. त्यांच्या गावच्या शाळेत यंत्र एकच, म्हणून पोरं आधी कागदावर सगळं लिहितात आणि मग रांगेनं येऊन ते यंत्रावर चालतं का, ते पाहतात. मॅडम त्या दिवशी परत आल्या त्या तरंगतच. "पाहा खोडे सर, एकच मशीन! तरी पोट्टे हात लावतेत!"

मला तेव्हा हे सगळं खूळ वाटायचं. मी म्हटलं, "मॅडम, परदेशातलं सगळं चांगलंच असतं, असं तुमचं मत दिसतं."

त्या भडकल्या. "कोन म्हनते? मी सगळ्यायले विचारतो, तुमच्याकडं काय चुकते? मांगच्या रविवारी इंग्लंडची एक मास्तरीण भेटली. म्हने, आमच्याकडं लहान पोरायले बरं शिकवतेत, मोठे झाले की नुसतं पत्र टाइप कराले लावतेत. म्हंजे तेही बेकूफच! पन त्यायची पोट्टी चुकाले तरी मोकळी हायेत."

एका जुन्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी तक्ता आखला होता. एकेका देशाला एकेक ओळ, आणि समोर एकच रकाना. 'दहा वर्षांचं पोरगं स्वतःच्या हातानं काय करतं?' कुठं 'यंत्राला चित्र काढायला सांगतं', कुठं 'कागदावर लिहून मग तपासतं', कुठं 'फक्त टाइप करतं'. किती देशांत किती यंत्रं, याचा उल्लेखच नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, यंत्रं मोजून काय करायचं, मोजायची ती बोटं. सगळ्यात खाली आमचा वर्धा जिल्हा होता. त्यासमोर मॅडमनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'चपला काढतं'.

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तो कागद गुंडाळी करून त्या रोज सोबत आणायच्या आणि गाडीत, स्टेशनवर, हेडसरांच्या टेबलावर, जागा मिळेल तिथं उलगडायच्या. त्यांची मागणी एवढीशी होती. खोली उघडा, आणि आठवीच्या पोरांना यंत्राला स्वतः काही सांगू द्या. एवढंच. त्यासाठी त्यांनी अर्ज केले, विनवण्या केल्या, भांडणं केली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

चाबी मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी यंत्राशिवायच सुरुवात केली. सिंदीचा तान्हा पोळा आमच्या भागात नावाजलेला. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान पोरं लाकडी नंदी सजवून, दोरीनं ओढत घरोघर जातात आणि घरचे लोक त्यांना बोजारा म्हणून खाऊ देतात. घराघरात चाकं लावलेला नंदी असतोच. मॅडमनी पोरांना तो शाळेत आणायला लावला. इंग्लंडच्या त्या मास्तरणीनं त्यांना सांगितलं होतं, की त्यांच्याकडं लहान पोरं पडद्यावरच्या एका कासवाला हुकूम देऊन चित्र काढतात. मॅडम म्हणाल्या, "त्यायच्याकडं कासव, आपल्याकडं नंदी. आपला जास्त चालते."

खेळ असा. एकानं पाटीवर हुकूम लिहायचे. इतकी पावलं सामोर, उजव्या हाताले वळ, पुन्हा इतकी पावलं. दुसऱ्यानं नंदीची दोरी धरून, डोकं न चालवता तेवढंच करायचं. मैदानातल्या कडुलिंबापासून नंदी पाण्याच्या टाकीपर्यंत गेला पाहिजे.

"नंदीले अक्कल नसते," मॅडम ओरडून सांगायच्या. "जे सांगतलं तेच तो करन."

"मंग अक्कल कोनाले पाह्यजे मॅडम?"

"सांगनाऱ्याले!"

शालू नावाची एक मुलगी होती, भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली. दोरी धरायला तिच्यासारखी दुसरी कुणी नाही, कारण ती नियमाला एकदम पक्की. एके दिवशी तिच्याच वर्गातल्या पंकजनं पाटीवर लिहिलं, 'एक पाऊल सामोर टाक. पुन्हा तेच कर.' आणि पाटी तिच्या हातात दिली. शालू निघाली. टाकी मागे गेली. व्हरांडा आला. पोरं ओरडायला लागली, पण ओरडणं काही पाटीवर लिहिलेलं नव्हतं. ती हेडसरांच्या ऑफिसात शिरली. तिथं संस्थेचे सचिव चहा पीत बसले होते. नंदी त्यांच्या खुर्चीला घासून पुढं गेला आणि भिंतीला टेकला. शालूही भिंतीला टेकली, आणि जागच्या जागी पावलं टाकत राहिली. नंदी भिंतीवर ठक ठक.

"काय करून राह्यली तू?" हेडसर किंचाळले.

"पुन्हा तेच करून राह्यली, सर."

"थांब!"

शालू जागच्या जागी थांबली. दारात धापा टाकत मॅडम उभ्या होत्या. "तेच पाह्यजे होतं सर," त्या म्हणाल्या, "'थांब' लिहाचं राहून गेलतं." सचिवांना काहीच कळलं नाही. हेडसरांनी पुढचा आठवडा नंदीला शाळाबंदी केली. पण त्या वर्गातलं एकही पोरगं त्यानंतर 'थांब' लिहायला विसरलं नाही. माझ्या वर्गात मी वर्षानुवर्षं पूर्णविराम शिकवतोय, तो अजून कुणाच्या डोक्यात शिरलेला नाही.

मग वर्ध्याला शिक्षकांची एक सभा झाली. मोठा हॉल, व्यासपीठावर अधिकारी, मागं फलक. आपला जिल्हा लवकरच संगणकसाक्षर होणार, असं भाषण झालं. मॅडम उभ्या राहिल्या. "होनार म्हंजे पोरं काय करनार, साहेब?"

साहेब म्हणाले, "संगणकाचे भाग ओळखतील. लघुरूपांची पूर्ण रूपं सांगतील. माहिती घेतील."

मॅडमनी कॅलेंडर उलगडलं. दोन मास्तरांना टोकं धरायला लावलं, त्यात मी एक. आणि त्या बोलल्या. इतकं सरळ, इतकं मुद्देसूद भाषण मी त्या हॉलमधे कधी ऐकलं नव्हतं. कुठल्या देशात काय चांगलं, कुठं कोण फसलं, आपल्याकडं आहे तेवढ्या यंत्रांत काय होऊ शकतं, नंदीपासून सुरुवात करून यंत्रापर्यंत कसं जाता येतं, सगळं. व्यासपीठावर सगळे माना डोलवत होते. मला वाटलं, आता काहीतरी होणार. तेवढ्यात चहा आला. चहानंतर साहेबांनी उपक्रमशील शिक्षिका म्हणून मॅडमचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला, टाळ्या झाल्या आणि सभा संपली. त्या क्षणी मला तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला होता. अजूनही वाटतं.

बाहेर आल्यावर मॅडम पायरीवर बसल्या. शाल मांडीवर. "खोडे सर, मी मांगतलं काय आन् देल्लं काय?"

पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यागेल्या त्यांनी ती शाल घडी करून हेडसरांच्या टेबलावर ठेवली. "ही तुमी ठेवा सर. चाबी मले द्या." हेडसर शरमले. सत्काराची बातमी पेपरात आली होती, त्यात शाळेचं नाव होतं. बरेच आढेवेढे घेऊन ते म्हणाले, उन्हाळ्याच्या सुट्टीत, मे महिन्यापुरती, तुमच्या जबाबदारीवर.

आमच्याकडचा मे महिना ज्यानं भोगला नाही, त्याला यातला विनोद कळणार नाही. कावळासुद्धा दुपारी झाड सोडत नाही. मॅडम पहाटेच्या गाडीनं येत. पोरं त्याआधीच दारात. वीज जाईपर्यंत यंत्रं, वीज गेली की व्हरांड्यात नंदी. इंग्लंडच्या त्या मास्तरणीनं पोस्टानं एक फ्लॉपी पाठवली होती, तीत ते कासव होतं. पडद्यावर ते नुसता त्रिकोण दिसायचं. पोरांनी त्याचं नाव नंदीच ठेवलं. हुकूम इंग्रजीत होते, पण इंग्रजीला घाबरणाऱ्या त्या पोरांनी चार दिवसांत ते शब्द असे वापरले की जणू त्यांच्या आजीनं शिकवले असावेत.

दाखल्यांच्या कामासाठी मी एका सकाळी शाळेत गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. शालू यंत्रासमोर बसली होती. तिनं नंदीकडून एक चौकोन काढून घेतला. मग त्याला जरासं वळवून पुन्हा तोच चौकोन. पुन्हा वळवून पुन्हा तोच. बघता बघता पडद्यावर गोल फूल उमललं, आणि शेवटच्या पाकळीवर नंदी शहाण्यासारखा थांबला. शालूनं कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले. मग म्हणाली, "मॅडम, हे मी केलं का कॉम्प्युटरनं?"

"तू सांगतलं. त्यानं ऐकलं."

"म्हंजे मी केलं."

मॅडमनी तोंड फिरवलं आणि विनाकारण पडदा सारखा केला. त्यांच्या तक्त्यातल्या आमच्या ओळीपुढं त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी धड लिहिता आलं असतं.

जूनमधे शाळा सुरू झाली आणि तपासणी आली. एक साहेब, सोबत रजिस्टर घेतलेला कारकून. पोरांनी वापरलेल्या कीबोर्डांवरची अक्षरं पुसट झालेली. एका माउसमधली गोळी कुण्या पोरानं गोट्या खेळायला कंचा म्हणून खिशात घातलेली. एक लांब बटण ढिलं. बाकीची यंत्रं, ज्यांना कुणी बोट लावलं नव्हतं, ती झालरीखाली चकचकीत. रजिस्टरात नोंद झाली. न वापरलेली 'सुस्थितीत', वापरलेली 'हाताळणीमुळे नादुरुस्त'. आणि मॅडमकडून खुलासा मागवला गेला.

मॅडमनी खुलासा लिहिला तो असा, 'खडूही झिजतो. त्याचा खुलासा आजवर कोणी मागितला नाही.'

हेडसरांनी तो कागद फाडला. "मॅडम, माझी नोकरीची दोन वर्षं राहिलीत. माफी लिहून द्या, विषय संपवतो," ते काकुळतीनं म्हणाले. मॅडमनी माफी लिहिली नाही. त्यांनी पर्स उघडली, चाबी काढली, टेबलावर ठेवली आणि तासाला निघून गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परतीच्या गाडीत आमचा पत्त्यांचा डाव पाहिला, पार वर्धा येईपर्यंत.

त्यानंतरही त्यांची नोकरी बरीच वर्षं होती. हेडसर बदलले, चाबी खिसे बदलत गेली. वाद चालू राहिले, रविवार चालू राहिले. नंदी तर दरवर्षी चालले. शालू पुढं मोठी इंजिनिअर झाली, असं लिहायला मला फार आवडलं असतं. ती झाली नाही. संगणकाच्या लेखी परीक्षेत 'माउसचे प्रकार लिहा' या प्रश्नाला तिनं माउसनं काय काय करता येतं ते पानभर लिहिलं, आणि तिला भोपळा मिळाला. आता ती जवळच्याच सेलूच्या बाजारात नवऱ्यासोबत वांगी विकते. हिशेब तोंडी करते आणि कुणाला ऐकत नाही. ती यंत्रं शेवटी जुनी झाली म्हणून भंगारात निघाली. त्यातली निम्मी एकदाही नीट चालू झाली नव्हती. वाळवीनं मात्र झालरींचा पुरेपूर उपयोग केला.

मॅडम निवृत्त झाल्या. आणि दोन हजार सालानंतर कधीतरी, एकदाचे शाळेत नवे कॉम्प्युटर आले. चांगले, रंगीत पडद्याचे. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात उद्घाटन ठरलं. मी आग्रह धरला म्हणून मॅडमना बोलावणं गेलं. त्या आल्या. केस पांढरे, बूट तेच पांढरे.

खोलीही तीच, फरशीही तीच. पुढाऱ्यांनी फीत कापली. यंत्रांना माळा, हळदीकुंकू, कीबोर्डवर अक्षता. पोरं रांगेत, हाताची घडी घालून. नव्या हेडसरांनी मॅडमना दोन शब्द बोलायला सांगितलं. मॅडम उठल्या, माइककडे गेल्याच नाहीत. सरळ पहिल्या यंत्रापाशी गेल्या, कीबोर्ड हातात घेऊन उलटा केला आणि झटकला. तांदूळ फरशीवर पडले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला त्या म्हणाल्या, "ये, बस इथं. लाव हात."

मुलगी अर्धी उठली. तेवढ्यात गळ्यात ओळखपत्राचा पट्टा घातलेला एक तरुण लगबगीनं पुढं आला. "मॅडम, प्लीज, हात लावू नका. अभी इन्स्टॉलेशन बाकी है." मुलगी पुन्हा खाली बसली. मग पेढे वाटले गेले.

मी बाहेर आलो तेव्हा मॅडम व्हरांड्याच्या पायरीवर बुटांच्या नाड्या बांधत होत्या. भोवती पोरांच्या चपलांचा ढीग. त्यांनी मान वर न करता विचारलं, "खोडे सर, चाबी कोणाजवळ हाय?"

मी सांगितलं. खोली चालवायचं काम आता बाहेरच्या एका कंपनीला दिलं होतं. गळ्यात पट्टा असलेला तो त्यांचा पोरगा आठवड्यातून एकदा येऊन उघडणार. चाबी त्याच्याजवळ. हेडसरांनाही मिळत नाही.

"आन् तो कुठं राह्यते?"

"नागपूरला."

त्यांनी नाडीची गाठ मारली. "पह्यले चाबी हेडसरच्या खिशात होती. मी रोज जाऊन भांडत तरी होतो. आता नागपूरले गेली. आता कोनासंग भांडाचं?" एवढं बोलून त्या उठल्या आणि गाडीची वेळ झाली म्हणून स्टेशनकडं निघाल्या.

मला पेढ्यांच्या हिशेबासाठी थांबावं लागलं. शाळेच्या फाटकापाशी उभा राहून मी त्यांना जाताना पाहत होतो. रस्त्यावरच्या एका घरासमोर एक लहान मुलगी नंदीला दोरी बांधत होती. मॅडम थांबल्या. काहीतरी बोलल्या, मला ऐकू आलं नाही. मुलीनं आधी तोंड वाकडं केलं. मग ती दोरी मॅडमच्या हातात देऊन ओट्यावर चढली आणि तिथून हुकूम सोडू लागली. मॅडम दोरी धरून पावलं टाकायला लागल्या. चार सामोर. एक वळण. पुन्हा सामोर. समोर उघडी नाली होती. मॅडम थेट तिच्या काठापर्यंत गेल्या, पुढचं पाऊल उचललं, आणि मी इकडून ओरडणार तेवढ्यात ती मुलगी जोरात म्हणाली, "थांब!"

मॅडम थांबल्या. एक पाय तसाच वर. स्टेशनकडून पॅसेंजरची शिट्टी झाली. गाडी आली, थांबली आणि सुटली. मॅडमनी गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. त्या नंदीची दोरी धरून पुढच्या हुकुमाची वाट पाहत उभ्या होत्या.